जुन्या ५७५ ला पलटी नांगरासाठी जादा कंट्रोल व्हॉल्व्ह: तेल कुठून घ्यायचं, परत कुठं सोडायचं?

कृष्णाकाठ

राम राम मंडळी. शिरोळ तालुक्यात आमची काळी जमीन आहे, बहुतेक सगळा ऊसच. खोडवा तुटला की रान मोडायचं आणि मृगाच्या आत नांगरट उरकून आडसालीची तयारी करायची, हा दरवर्षीचा क्रम. ट्रॅक्टर महिंद्रा ५७५, वडिलांच्या काळातला. इंजिन ठणठणीत आहे, लिफ्टही चांगली उचलते. पण मागं होस पाईप जोडायला एकही कपलर नाही. फक्त लिफ्ट.

यंदा मेव्हण्यांकडून दोन फाळी हायड्रोलिक पलटी नांगर घेतलाय. साध्या नांगरानं रानात मधोमध सरी उघडी राहते आणि बांधाला माती चढते. मग ऊस लावल्यावर पाणी कुठं तुंबतं, कुठं पोचतच नाही. पलटीनं माती एकाच अंगाला पडत जाते, म्हणून हा खटाटोप.

आता मुद्दा. एक मिस्त्री म्हणतो, पंपाकडून लिफ्टला जाणारी नळी मधे कापू, तिथं एका लिव्हरचा व्हॉल्व्ह बसवू, त्यातून निघणारं तेल लिफ्टला देऊ, झालं. दुसरा म्हणतो, तसं करू नका, व्हॉल्व्हचं परतीचं तेल गियर बॉक्सला सोडा. दोघंही अनुभवी आहेत आणि दोघंही ठाम आहेत. कुणाचं धरू? कापायच्या आधी नीट समजून घ्यायचंय.

पन्हाळा_पायथा

पहिल्या मिस्त्रीचं ऐका. आमच्या गावात असेच व्हॉल्व्ह बसवलेत, पंपाची नळी आत, तिकडून लिफ्टला. ट्रॉलीही उचलते, नांगरही पलटतो. उगाच अवघड करू नका.

उद्यमनगर_फिटर

कृष्णाकाठ, कापायच्या आधी विचारलंत हे फार बरं केलंत. दोन्ही मिस्त्री अर्धं-अर्धं बरोबर सांगतायत. पुरं चित्र असं आहे.

तुमच्या ट्रॅक्टरला इंजिनातून फिरणारा गियर पंप आहे. हा पंप इंजिन चालू असेपर्यंत तेल ढकलतच राहतो, त्याला थांबणं ठाऊक नाही. कुठलीही लिव्हर ओढलेली नसेल तेव्हा तेलाला वाट मोकळी हवी: पंपातून निघालं, व्हॉल्व्हमधून गेलं, परत टाकीत (जुन्या ट्रॅक्टरांत टाकी म्हणजे बहुतेक गियर बॉक्सच). याला ओपन सेंटर म्हणतात. पाटाच्या पाण्यासारखं समजा. दारं धरलं तर पाणी त्या सरीत जाईल, दारं सोडलं तर पुढं वाहील, पण पाटच बुजवला तर पाणी बांध फोडणार. म्हणून तुम्हाला व्हॉल्व्ह घ्यायचा तो ओपन सेंटरचाच. क्लोज्ड सेंटरचा, म्हणजे लिव्हर मधे असताना वाट बंद करणारा, स्पूल (व्हॉल्व्हच्या आत सरकणारी दांडी) इथं बसवलात तर पंपाला पहिल्या मिनिटापासून बंद तोंडावर जोर करावा लागेल.

आता नव्या व्हॉल्व्हची तोंडं बघा. 'पी' म्हणजे पंपाकडून येणारं तेल. 'ए' आणि 'बी' नांगराच्या सिलिंडरला. 'टी' म्हणजे टाकीला परत. आणि एक पाचवं तोंड असतं, त्यावर कुणी 'एन' लिहितं, कुणी 'पीबी', काहींवर काहीच लिहिलेलं नसतं, नुसता प्लग मारलेला असतो. यालाच पॉवर बियाँड म्हणतात. लिव्हर मधे असताना जे तेल पुढं जाणार ते याच तोंडातून लिफ्टला द्यायचं. 'टी' मधून नाही.

का? 'टी'चा कप्पा परतीच्या तेलासाठी असतो, त्यात दाब जवळजवळ नसतो. स्पूलच्या दोन्ही टोकांची सीलं याच कप्प्यावर बसलेली असतात. तुम्ही 'टी' लिफ्टला जोडली आणि लिफ्टनं जड नांगर उचलायला घेतला, की लिफ्टचा सगळा दाब उलट या कप्प्यात उभा राहतो. १५० ते २०० बारच्या घरातला दाब. त्या सीलांचं काम त्या दाबाचं नाही. आधी लिव्हरपाशी तेल पाझरतं, मग सील बाहेर येतं, आणि हलका ओतीव व्हॉल्व्ह असेल तर बॉडीला तडा जातो.

म्हणून जोडणी अशी: पंप ते 'पी', 'एन' ते लिफ्ट, 'टी' ते टाकी स्वतंत्र नळीनं. दुसऱ्या मिस्त्रीची परतीची नळी बरोबर, पहिल्याचं लिफ्टला पुढं तेल देणं बरोबर. दोन्ही लागतं.

एक गोष्ट दुकानात उभं राहूनच तपासा. 'एन'चं तोंड नुसतं उघडून साधं निप्पल बसवून चालत नाही. बहुतेक व्हॉल्व्हना त्यासाठी वेगळी स्लीव्ह लागते, ती आत जाऊन 'एन' आणि 'टी' हे दोन कप्पे वेगळे करते. स्लीव्ह नसेल तर वरून दिसायला पॉवर बियाँड, आतून सगळं एकच. दुकानदाराला व्हॉल्व्हसोबतच स्लीव्ह मागा, त्याच मॉडेलची.

पन्हाळा_पायथा

फिटर दादा, मग आमच्याकडची सगळी चालतायत ती कशी? दोन हंगाम झाले एकाला.

उद्यमनगर_फिटर

चालतात, नाही म्हणत नाही. हलकी अवजारं उचलत असतील तर दाब फारसा चढत नाही, आणि चांगल्या बनावटीच्या व्हॉल्व्हचं सील काही काळ तग धरतं. पण दोन फाळी पलटी हे अवजार हलकं नाही. काळ्या रानात फाळ रुतलेला असताना लिफ्ट ओढली की दाब सरळ रिलीफपर्यंत, म्हणजे जादा दाब सोडून देणारा व्हॉल्व्ह उघडेपर्यंत, जातो. सील जाणार ते त्या दिवशी, आणि तो दिवस नेमका नांगरटीच्या गर्दीतला असतो.

आणखी महत्त्वाचं आहे ते रिलीफ व्हॉल्व्हचं. हे मी मुद्दाम वेगळं लिहितोय, कारण सगळ्या जोडणीत पंप यानं वाचतो किंवा यानंच जातो.

बऱ्याच जुन्या ट्रॅक्टरांत मुख्य रिलीफ लिफ्टच्या कंट्रोल व्हॉल्व्हमध्ये असतो, पंपाजवळ नसतो. आजवर पंप आणि लिफ्ट यांच्या मधे काही नव्हतं, तेव्हा कुठं का असेना, तो पंपाला वाचवत होता. आता तुम्ही मधे नवा व्हॉल्व्ह घातला. त्याची लिव्हर ओढली की 'एन'ची वाट बंद होते, सगळं तेल 'ए'ला जातं. म्हणजे लिफ्टमधला रिलीफ त्या क्षणापुरता पंपापासून तुटला. नांगराचा सिलिंडर टोकाला जाऊन थांबला आणि तुम्ही लिव्हर धरूनच ठेवली, तर तेल जाणार कुठं? दाब चढत जातो, होस फुटतो, नाहीतर पंपाची बॉडी तडकते किंवा पंपाचा शाफ्ट तुटतो.

म्हणून नव्या व्हॉल्व्हला स्वतःचा रिलीफ हवाच हवा, 'पी'च्या बाजूला. व्हॉल्व्हच्या अंगावर एक षटकोनी टोपी आणि आत आवळायचा स्क्रू दिसेल. ते नसेल तर तो व्हॉल्व्ह घेऊ नका, कितीही स्वस्त असला तरी.

कृष्णाकाठ

हे कुणीच सांगितलं नव्हतं. मी ट्रॅक्टरचं पार्ट बुक काढलं, त्यात रिलीफ लिफ्टच्या बाजूलाच दाखवलाय. मग नव्या व्हॉल्व्हचा रिलीफ कितीवर लावायचा? दुकानदार म्हणतो कंपनीतून लावून येतो, हात लावू नका.

उद्यमनगर_फिटर

कंपनीतून लावून येतो, पण तुमच्या ट्रॅक्टरसाठी लावून येत नाही. तुमच्या पुस्तकात हायड्रोलिकचा जो दाब दिलाय तो आकडा धरा. पुस्तकात कुठं बार असेल, कुठं पीएसआय, कुठं किलो प्रति चौरस सेंटिमीटर. १ बार म्हणजे साधारण १४.५ पीएसआय, आणि बार व किलो जवळपास सारखेच.

पंपाच्या नळीवर तीन तोंडांचा जोड बसवून प्रेशर मीटर लावा, २५० बारपेक्षा मोठ्या मापाचा. रिलीफचा स्क्रू आधी पुरता सैल करा. इंजिन मध्यम फेऱ्यांवर ठेवा, सिलिंडर टोकाला न्या, लिव्हर दोन-तीन सेकंदच धरा आणि मीटर बघा. थोडं आवळा, पुन्हा बघा. पुस्तकातल्या आकड्याला आलं की चेक नट आवळून थांबा. त्याच्या वर जायचं नाही.

खाली ठेवलं तर काय, असं वाटेल. तसंही नको. हा रिलीफ पंपाच्या सगळ्यात जवळ आहे, त्यामुळं लिफ्टला मिळणारा दाबसुद्धा त्याच्याच हातात जातो. तो २० बार कमी लावला तर लिफ्टची ताकद तेवढी कमी होईल आणि तुम्ही म्हणाल व्हॉल्व्ह बसवल्यापासून लिफ्ट नरम झाली. अशी तक्रार घेऊन बरेच लोक येतात, आणि खोट लिफ्टमध्ये नसतेच.

भुदरगड_मॅसीवाला

चांगला विषय काढलात. माझ्याकडं मॅसी १०३५ आहे, जुनी. हीच जोडणी तिला चालेल का? मला ट्रॉली उचलायची आहे.

उद्यमनगर_फिटर

नाही, तुमची गोष्ट वेगळी आहे. १०३५ चा पंप मधल्या हाउसिंगमध्ये तेलातच बुडालेला पिस्टन पंप आहे आणि पीटीओच्या, म्हणजे मागची अवजारं फिरवणाऱ्या, शाफ्टवर फिरतो. तुमच्या लिफ्टची लिव्हर पंपाच्या ओढीच्या बाजूचा व्हॉल्व्ह हलवते. म्हणजे लिव्हर वर केली तरच पंप तेल उचलतो, एरवी तो रिकामा फिरतो. म्हणून बाहेरचा व्हॉल्व्ह गियर पंपाच्या ट्रॅक्टरसारखा मधे घालून भागत नाही.

मॅसीत तेल घ्यायचं ते सीटखाली लिफ्टच्या कव्हरवरच्या दाबाच्या तोंडातून. तिथं बसणारी प्लेट मिळते, त्यातल्या खुंटीनं लिफ्टच्या सिलिंडरची वाट बंद करून तेल बाहेर वळवता येतं. तुम्हाला एकेरी (तेलानं फक्त वर जाणारी, वजनानं उतरणारी) ट्रॉली उचलायची असेल तर तेवढ्यात काम होतं: प्लेट, एक होस, एक कपलर. उचलायला लिव्हर वर, उतरवायला खाली. वेगळा स्पूल घ्यायचीही गरज नाही. दुहेरी (दोन्ही बाजूंना तेलानं ढकलला जाणारा) सिलिंडर, म्हणजे कृष्णाकाठांसारखा पलटी, चालवायचा असेल तर मात्र ज्यानं ही फर्ग्युसन पद्धतीची लिफ्ट उघडून बांधलीय अशाच माणसाकडं जा.

आणि पंप पीटीओवर आहे हे ध्यानात ठेवा. पीटीओचं गियर टाकलेलं नसेल, किंवा सिंगल क्लच दाबून धरला असेल, तर ट्रॉली उचलणारच नाही.

टर्नर_गोकुळ_शिरगाव

नळीबद्दल सांगतो, आमच्याकडं हे काम येतं. लोखंडी नळी आरीनं कापून वेल्डिंग मारू नका, ही माझी हात जोडून विनंती आहे. वेल्डिंगची खपली आत सुटते, दिसत नाही, आणि पंपातून निघून थेट स्पूलवर जाते. स्पूल आणि बॉडी यांच्यात केसापेक्षा कमी जागा असते. एक कण अडकला तर लिव्हर परत मधे येत नाही.

त्यापेक्षा नळी जिथं फ्लँजनं किंवा नटानं जोडलीय तो जोड उघडा. त्या मापाचा ठोकळा लेथवर करून घ्या, एका अंगानं तेल बाहेर, दुसऱ्या अंगानं परत आत. शिरोलीला, गोकुळ शिरगावला, उद्यमनगरात, कुठंही होतं हे. जुनी नळी जशीच्या तशी राहते, उद्या व्हॉल्व्ह काढायचा झाला तर ठोकळा काढून मूळ जोडणी करता येते.

आट्यांचं जपा. आपल्याकडचे बहुतेक व्हॉल्व्ह बीएसपी (ब्रिटिश पाईप मापाच्या) आट्यांचे येतात. अर्ध्या इंची बीएसपीचं बाहेरचं माप २०.९५ मिलिमीटर, इंचाला १४ आटे. अर्ध्या इंची एनपीटीलाही (अमेरिकी पाईप मापाला) इंचाला १४ च आटे, म्हणून दोन-तीन फेरे ते एकमेकांत सहज बसतात आणि माणूस फसतो. पण एकाच्या आट्याचा कोन ५५ अंश, दुसऱ्याचा ६०. जोरानं आवळलं की ओतीव बॉडीचं तोंड फाटतं. मेट्रिक २२ चं निप्पलही हाताला असंच वाटतं. पिच गेज लावून बघितल्याशिवाय पाना लावायचा नाही.

टेफ्लॉन टेप नको. सरळ आट्यांच्या जोडाला टेप काही कामाची नाही, तिचे तुकडे तेलात जातात. सरळ आट्याखाली रबर चिकटवलेला लोखंडी वॉशर घाला, नाहीतर ओ-रिंग.

वारणेचा_मळा

होस कुठला घ्यायचा टर्नरभाऊ? बाजारात एक तारेचा आणि दोन तारेचा दोन्ही मिळतात, दिसायला सारखेच.

टर्नर_गोकुळ_शिरगाव

दोन तारेचा. अर्ध्या इंची एक तारेचा होस १६० बारचा असतो, दोन तारेचा २७५ चा. तुमचा रिलीफ १७५ किंवा १८० वर असेल तर एक तारेचा पहिल्या दिवसापासून कमी पडला. ३/८ इंची दोन तारेचा ३३० बार सोसतो आणि नांगराच्या सिलिंडरला पुरतो. होसवर छापलेलं असतं, १एसएन किंवा २एसएन, वाचून घ्या. टोकं मशीनवर प्रेस करून घ्या. क्लिप लावून दाबाचा होस चालवायचा नाही.

परतीची नळी मात्र दाबाच्या नळीपेक्षा बारीक नको, जमल्यास एक माप मोठी. कारण सांगतो. सिलिंडरचा बोअर ६३ आणि रॉड ३५ मिलिमीटरचा धरा. रॉडच्या बाजूला मिनिटाला २० लिटर तेल घातलं तर पिस्टनच्या बाजूनं सुमारे २९ लिटर बाहेर पडतं, क्षेत्रफळच तेवढं जास्त आहे. बारीक नळीत ते अडकतं, 'टी'च्या कप्प्यात दाब साठतो, आणि वर फिटरदादांनी सांगितलेला सीलाचा त्रास इथूनही सुरू होतो.

परतीची नळी तेलाच्या पातळीखाली सोडा. उंचावरून गियरवर पडलं की फेस होतो.

कागल_शेतकरीण

मी स्वतः ट्रॅक्टर चालवते, आमच्याकडं पलटी आहे. सगळी जोडणी तुम्ही छान सांगताय, पण ज्याच्यानं माणूस जायबंदी होतो ते कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते.

होसला सुईएवढं भोक पडलं तर त्यातून निघणारी धार डोळ्याला नीट दिसत नाही. कुठनं गळतंय हे बघायला आपण सवयीनं होसवरून हात फिरवतो. तसं कधीही करू नका. ती धार कातडी भेदून तेल आत घालते. वरून टोचल्यासारखा एवढासा ठिपका दिसतो, दुखतही नाही फारसं, आणि आतलं मांस काही तासांत मरायला लागतं. असं झालं तर हळद लावून घरी बसायचं नाही. लगेच कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात किंवा जवळ जिथं शस्त्रक्रिया होते तिथं जायचं आणि डॉक्टरांना स्पष्ट सांगायचं की दाबाचं तेल आत गेलंय. बोट वाचतं ते वेळेवर चीर देऊन तेल काढल्यानं.

गळती शोधायची तर पुठ्ठ्याचा तुकडा लांब धरून फिरवायचा.

आणि कुठलाही जोड सोडायच्या आधी अवजार जमिनीवर टेकवायचं, इंजिन बंद करायचं, मग सगळ्या लिव्हर पुढं-मागं हलवून आत कोंडलेला दाब सोडायचा. उचललेल्या ट्रॉलीच्या हौद्याखाली टेकू दिल्याशिवाय कुणी वाकायचं नाही. आमच्या घरात हा नियम मुलांनाही पाठ आहे.

उद्यमनगर_फिटर

ताई, तुमचं लिहिणं सगळ्यांनी दोनदा वाचावं. माझ्या वर्कशॉपच्या भिंतीवर हे लिहून लावतो.

वारणेचा_मळा

मला पुढंमागं ५७५ वरच शेणखताची ट्रॉली उचलायची आहे. त्याच व्हॉल्व्हवर चालेल ना? तेल पुरेल का?

उद्यमनगर_फिटर

व्हॉल्व्ह चालेल. एकेरी सिलिंडरला 'ए' जोडा. 'बी' मोकळं ठेवायचं की बंद करायचं हे व्हॉल्व्हवर अवलंबून आहे. काही व्हॉल्व्हना एकेरी-दुहेरी करायचा स्क्रू असतो, तो नसेल तर एकेरी कामाचा स्पूलच घ्या. दुहेरी स्पूलचं 'बी' नुसतं प्लगनं बंद करून लिव्हर उतरवायच्या बाजूला धरली, तर ट्रॉली उतरेल पण पंप तेवढा वेळ रिलीफवर ओरडत राहील.

तेलाचा हिशेब करा. १०० मिलिमीटर बोअर आणि १ मीटर स्ट्रोकचा सिलिंडर पूर्ण बाहेर आला की ७.८५ लिटर तेल त्याच्या पोटात. जुन्या ट्रॅक्टरांत गियर बॉक्स, डिफरन्शियल आणि हायड्रोलिक यांचं तेल बहुतेक एकच असतं. म्हणजे ट्रॉली वर असताना तेवढं तेल गियर बॉक्समधून कमी झालेलं असतं. त्यात ट्रॅक्टर उतारावर उभा असेल तर पंपाची ओढनळी उघडी पडते, हवा खाते, आवाज किरकिरा होतो आणि ट्रॉली झटके देत वर जाते. सिलिंडर आत असताना डिपस्टिकवर पातळी वरच्या खुणेला ठेवा आणि ट्रॉली सपाटीवरच उलटा. वर असताना पातळी बघून तेल ओतू नका. ट्रॉली खाली आल्यावर ते सगळं परत येतं आणि सीलांतून बाहेर पडतं.

दुसऱ्याची ट्रॉली मागून आणली तर तिच्यातलं तेलही तुमच्या गियर बॉक्समध्ये येतं. कुठलं, कधीचं, पाणी मिसळलेलं की काय, काही ठाऊक नसतं. आधी तिच्या होसमधून थोडं भांड्यात काढून बघायचं.

चिखली_प्रयाग

पाण्यावरून आठवलं. २०१९ च्या पुरात आणि पुन्हा २०२१ ला आमच्या भागातले कितीतरी ट्रॅक्टर बुडाले. इंजिनचं तेल सगळ्यांनी बदललं, मागचं तेल बऱ्याच जणांनी तसंच ठेवलं, ट्रॅक्टर चालतोय म्हणून. पुरात सापडलेला जुना ट्रॅक्टर विकत घेऊन त्याला व्हॉल्व्ह बसवणार असाल तर आधी मागचा प्लग उघडा. तेल ताकासारखं पांढुरकं दिसलं तर त्यात पाणी आहे. ते सगळं काढून, जाळी धुऊन, नवं भरून, थोडं चालवून पुन्हा एकदा बदलावं लागतं. नाहीतर नवा स्पूल एका पावसाळ्यात गंजतो.

कृष्णाकाठ

मंडळी, व्हॉल्व्ह बसला. एक लिव्हर, दुहेरी, स्वतःचा रिलीफ, पॉवर बियाँडच्या स्लीव्हसकट. ठोकळा उद्यमनगरात करून घेतला, नळी कापली नाही. 'टी' वेगळ्या नळीनं हाउसिंगला सोडली. व्हॉल्व्हचं ब्रॅकेट मडगार्डच्या बोल्टवर, सीटवरून उजवा हात सहज पोचतो असं. फिटरदादांनी फोनवर सांगितलं होतं की ब्रॅकेटची पट्टी एकदम सपाट पाहिजे, वाकड्या पट्टीवर बोल्ट आवळले की बॉडी पिळते आणि स्पूल जड होतो. पट्टी सरफेस करून घेतली. मीटर लावून रिलीफ पुस्तकातल्या आकड्याला आणला. लिफ्ट पूर्वीसारखीच उचलते, कुठं गळती नाही.

एकच अडचण. नांगर पलटताना मधे उभा राहतो. लिव्हर ओढली की वर येतो, बरोबर मधोमध येतो आणि थांबतो. लिव्हर धरून ठेवली तरी पुढं जात नाही. सिलिंडर छोटा आहे का?

उद्यमनगर_फिटर

सिलिंडर ठीक असावा. पलटीच्या सिलिंडरचं काम समजून घ्या. एकाच सिलिंडरनं १८० अंश फिरवायचं म्हणजे अर्ध्या फेरीत तो आत ओढतो आणि उरलेल्या अर्ध्या फेरीत बाहेर ढकलतो. नांगर मधोमध उभा झाला तेव्हा सिलिंडर पूर्ण आत गेलेला असतो. त्याच बाजूला लिव्हर धरून ठेवली तर तो आणखी आत जाणार कुठं?

काही नांगरांच्या सिलिंडरवर आपोआप दिशा बदलणारा छोटा व्हॉल्व्ह असतो. पूर्ण आत गेला की दाब चढतो आणि तो स्वतःच तेल दुसऱ्या बाजूला वळवतो. तिथं लिव्हर एकाच बाजूला धरायची असते. तुमच्या नांगरावर सिलिंडरच्या बुडाशी असा ठोकळा आहे का बघा. नसेल तर लिव्हर तुम्हाला बदलायची आहे: ओढा, नांगर उभा होऊन पलीकडं कलायला लागला की त्याच झोकात लिव्हर उलट द्या. ठोकळा असूनही थांबत असेल तर त्यात कचरा आहे किंवा दाब पुरेसा चढत नाही.

इंजिनच्या फेऱ्या १५०० च्या आसपास ठेवा. अगदी मंद इंजिनवर तेल कमी येतं आणि नांगराला मध्यबिंदू ओलांडायला झोक मिळत नाही. ६३ बोअर आणि २०० मिलिमीटर स्ट्रोकच्या सिलिंडरला जेमतेम सव्वासहाशे मिलिलिटर तेल लागतं, मिनिटाला २० लिटरच्या पंपानं ते दोन सेकंदांत भरतं. तुमचा त्याहून फार हळू चालत असेल तर कपलर पुरता बसलेला नाही. बाहेरून बसलेला दिसतो, पण आतली गोळी अर्धीच उघडलेली असते.

कृष्णाकाठ

सिलिंडरवर ठोकळा नाही. लिव्हर मधे बदलून बघितली, एका झोकात पलटला. बांधावर उभं राहून वडील बघत होते, त्यांनी स्वतः बसून दोन फेर धरले. माती एका अंगाला पडतेय, सरी उघडी राहत नाही. मनापासून आभार सगळ्यांचे.

आता शेवटची शंका. लिव्हर सोडली की आपोआप मधे येते. शेजारी म्हणतो अडकून राहणारी लिव्हर घ्यायला हवी होती, सारखी धरावी लागत नाही.

उद्यमनगर_फिटर

स्प्रिंगनं परत येणारी आहे तीच योग्य. सिलिंडर टोकाला पोचल्यावर लिव्हर अडकून राहिली तर पंपाचं सगळं तेल रिलीफमधून जातं आणि पंपाला घातलेली सगळी ताकद उष्णता होते. मिनिटाला २० लिटर आणि १७५ बार म्हणजे ५.८ किलोवॅट, जवळपास ८ एचपी, नुसती तेल तापवायला. थोड्याच वेळात तेल पातळ होतं, सीलं कडक होतात, लिफ्ट नरम पडते. शिवाय लिव्हर ओढलेली असेपर्यंत लिफ्टला तेल मिळत नाही. बांधाला पोचून नांगर उचलायला जाल आणि तो उचलणारच नाही. अडकून राहणारी लिव्हर फक्त हायड्रोलिक मोटर सतत फिरवायची असेल तिथं.

पहिले आठ-दहा तास चालवून झाले की सगळे जोड एकदा पान्यानं बघा, अवजार खाली टेकवून. मागची जाळी उघडून धुवा, नव्या होसमधला आणि ठोकळ्यातला बारीक चुरा तिथं आलेला असतो. कपलरवर रबरी टोप्या घाला. नांगर काढून ठेवाल तेव्हा त्याच्या होसची टोकं मातीत लोळू देऊ नका, नांगराच्या दांडीला वर बांधा.

भुदरगड_मॅसीवाला

सीटखालची प्लेट मिळाली. सोमवारी बसवतोय. खुंटी कुठल्या बाजूला फिरवली की लिफ्ट बंद होते हे आधी ट्रॉली न जोडता बघू का?

उद्यमनगर_फिटर

हो, रिकामंच बघा. होसच्या टोकाला प्रेशर मीटर लावा, पीटीओ टाका, लिफ्टची लिव्हर हळू वर न्या. लिफ्टचे हात वर जायला लागले तर खुंटी उलटी आहे. हात जागेवर आणि मीटर चढला तर बरोबर. काटा चढला की लगेच लिव्हर खाली. मग खुंटीशेजारी पंचनं दोन खुणा मारून ठेवा, लिफ्टची एक आणि ट्रॉलीची एक.